तीन कोपऱ्यांचा तारा

हिमानीने मोबाइलचा टॉर्च दुर्बिणीच्या तळाशी धरला आणि तिथे चिकटवलेली चंदेरी पट्टी नखाने चाचपून पाहिली. पट्टीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ही काढल्यास हमी संपेल. कडा जागच्या जागी होत्या, कुठे सुरकुतीसुद्धा नव्हती. तिने फोटो काढला आणि वाकलेल्या अवस्थेतच मागे मान वळवून विचारलं,

"दोघांनाही मान्य? पट्टी शाबूत आहे?"

"मान्य," निवेदिता म्हणाली.

दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या, दुर्बीण विकणाऱ्या कंपनीकडून आलेल्या तरुणाने जॅकेटच्या खिशातून हात बाहेर काढले, थोडं वाकून पाहिलं.

"हो. शाबूत आहे."

त्याचा आवाज जरा पडलेला होता. संभाजीनगरहून निघताना साहेबांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की पट्टी फाटलेली दिसली तर लगेच फोटो पाठव, पुढचं मी बघतो.

दिवस नुकताच मावळला होता. अमडापूरच्या शाळेच्या मैदानावर मळणी झालेल्या सोयाबीनच्या कुटाराचा वास येत होता आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाचं एक वाहन हळूहळू जात होतं. शाळेच्या पायऱ्यांवर भगवानराव आणि त्यांची बायको गीताबाई बसली होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कोर्टाची बाई दुर्बीण बघायला येणार आहे एवढं गावात कळलं होतं, आणि भगवानरावांच्या मते ज्याने दुर्बिणीला सगळ्यात मोठी वर्गणी दिली त्याने अशा वेळी घरी बसणं बरं दिसलं नसतं.

हिमानी तशी कोर्टाची नव्हती. बुलढाण्यात वकिली करणारी तरुण बाई होती आणि ग्राहक आयोगाने तिला या प्रकरणात कमिशनर नेमलं होतं. म्हणजे जागेवर जायचं, वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आणि जे दिसलं ते लिहून आयोगाला द्यायचं. दुर्बीण तपासणीसाठी बाहेर पाठवायचा विचार आधी झाला होता. पण ती लांबलचक नळी प्रवासात आणखी बिघडली तर कोणाला धरायचं, यावर कोणाचंच एकमत होईना. शेवटी दुर्बिणीने जाण्यापेक्षा माणसाने यावं असं ठरलं.

"चालू करा मग," हिमानी म्हणाली.

"चालू करायचं काही नसतं," निवेदिता म्हणाली, आणि नळी वायव्येकडे वळवायला लागली.

निवेदिता कस्तुरे शाळेत विज्ञान शिकवायची. दुर्बीण तिच्याच डोक्यातून निघाली होती. तिने गावात फिरून वर्गणी जमवली. शाळेची समिती कागदपत्रांना घाबरली म्हणून बिल स्वतःच्या नावावर करून घेतलं. दुर्बीण आली त्या संध्याकाळी अर्धं गाव याच मैदानावर रांगेत उभं होतं. चंद्र बरा दिसला, जरा धुरकट. पण निवेदिताने नळी एका ताऱ्यावर लावली आणि पहिल्यांदा स्वतः पाहिलं, तेव्हा तिला वाटलं आपल्या डोळ्यात काही गेलंय. तिने डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. ताऱ्याला तीन कोपरे होते. दुसऱ्या ताऱ्यालाही तीनच. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर कोणीतरी खडूने समोसा काढून ठेवला होता, आणि त्याखाली 'तारा' असं लिहिलं होतं.

कंपनीला फोन केला तर पलीकडचा माणूस समजुतीने म्हणाला, "मॅडम, ताऱ्याला कोपरे असतातच की. चित्रात नाही का आपण काढत?" त्यानंतरचे फोन कोणी उचललेच नाहीत. मग निवेदिताने ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील दिला नाही. स्वतःच अर्ज टाइप करून घेतला, स्वतःच तारखांना जाऊ लागली. चिखलीला गाडी बदलायची, बुलढाण्याला पोहोचायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. शाळेत रजा, घरी चिडचिड. गावात दोन तट पडले होते. काहींना वाटायचं बाई फसल्या. काहींना वाटायचं बाईंनीच काहीतरी पिळून बिघडवली आणि आता कंपनीवर ढकलताहेत.

"या," तिने हिमानीला बोलावलं. "हा अभिजित तारा. इथे डोळा लावा. नळीला हात लावू नका, हलते."

हिमानीने एक डोळा मिटला आणि बराच वेळ वाकून राहिली.

"त्रिकोण आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे कडा जरा मऊ आहेत, पण त्रिकोणच." तिने डोळा काढून साध्या डोळ्यांनी आकाशाकडे पाहिलं, पुन्हा भिंगाला डोळा लावला. "आणि वर तर गोल दिसतोय. तुम्ही पाहा," ती त्या तरुणाला म्हणाली.

त्याचं नाव आल्हाद. तो पुढे झाला. डोळा कुठे लावायचा हे त्याला लगेच सापडलं नाही, आधी पापणीच आपटली. मग त्याने बाजूचं चाक फिरवलं. त्रिकोण पसरला. उलट फिरवलं, त्रिकोण आक्रसला, लहान झाला, तेवढ्यावर थांबला आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा पसरायला लागला. आल्हादने चाक पुढेमागे करत बरंच काही करून पाहिलं. फोकस नीट केला नव्हता असं म्हणायचं, हेही त्याला सांगितलेलं होतं. तो सरळ उभा राहिला तेव्हा त्याने ते म्हटलं नाही.

"लिहा," तो म्हणाला. "दिसतंय ते लिहा."

हिमानीने फाइल मांडीवर घेऊन पायरीवर बसून लिहिलं. दोघांना वाचून दाखवलं, सह्या घेतल्या, स्वतःची सही केली. फाइल पिशवीत ठेवली, पिशवीची चेन ओढली. आता ती उठून जाईल असं निवेदिताला वाटलं. बुलढाण्याहून आणलेली गाडी फाटकाशी उभी होती. पण हिमानी पिशवी खांद्याला लावून पुन्हा दुर्बिणीपाशी आली.

"एक विचारू? माझं काम झालंय, हे असंच विचारते. नीट असती तर तारा कसा दिसला असता?"

"टिंब," निवेदिता म्हणाली. "नुसतं टिंब. सुईच्या टोकाएवढं."

"मोठा नाही दिसणार?"

"नाही. कितीही मोठी दुर्बीण असली तरी."

"तुम्ही पाहिलंय तसं?"

"पुस्तकात वाचलंय," निवेदिता म्हणाली आणि नळीवर टाकायची चादर झटकायला लागली.

पायरीवरून भगवानराव बोलले. "मॅडम, आमच्या बाईंले रोग मालूम हाय तिचा. विचारा त्याइले. मालूम हाय, पण हात लावत नाईत."

"कुठला रोग?" आल्हादने विचारलं.

निवेदिता चादरीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तळाशी आरसा आहे. तो तीन पकडींनी धरलाय. पकडी जास्त आवळल्या गेल्या आहेत. काच तीन जागी चेपली जाते, म्हणून तीन कोपरे."

"तुम्ही तर उघडलीच नाही. मग कसं कळलं?"

"बाजारातून एक आरसा आणला होता. मेकअपचा, प्लॅस्टिकचा, त्यात तोंड मोठं दिसतं ना, तो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने ऊन पाडलं. गोल ठिपका पडला. मग कडेला तीन बोटांनी दाबलं." तिने हवेत बोटं धरून दाखवली. "ठिपक्याला तीन कोपरे आले. बोटं सोडली की गोल. दाबलं की तीन कोपरे. मी किती वेळ तेच करत बसले होते कोण जाणे. भाजी करपली त्या दिवशी."

ती हसली. या दुर्बिणीबद्दल बोलताना ती हसली, असं भगवानरावांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यांनी गीताबाईंकडे पाहिलं.

"मग स्क्रू सैल केले की झालं?" आल्हाद म्हणाला.

"बहुतेक."

"एवढंच?"

"एवढंच. पण त्यासाठी ही पट्टी काढावी लागते. पट्टी काढली की तुमची कंपनी म्हणणार, बाईंनी उघडली, बाईंनीच बिघडवली."

आल्हादने पट्टीकडे पाहिलं. कंपनी नेमकं तेच म्हणणार होती.

"मी तरी उघडा म्हणणार नाही," हिमानी म्हणाली. "बंद ठेवा असंही म्हणणार नाही. पण पुन्हा तपासणी मागितली गेली, तर दाखवायला काही उरणार नाही. दोघांनाही."

"माहीत आहे," निवेदिता म्हणाली. तिने चादर उलगडली आणि नळीवर टाकली. केस चालू झाल्यापासून रोज संध्याकाळी, दुर्बीण ठेवलेल्या शाळेच्या कपाटाकडे पाहत, ती स्वतःला हेच सांगत आली होती. उघडायचं नाही.

आल्हादचा मोबाइल वाजला. त्याने पडद्यावरचं नाव पाहिलं, वाजू दिला, मग आवाज बंद केला. चादरीचं एक टोक उचलून तो तळाशी उकिडवा बसला.

"मी या दुर्बिणी शाळांना पोहोचवतो, मॅडम," तो खालूनच म्हणाला. "जालना, परभणी, इकडे तुमचा सगळा भाग. खोकी उतरवायची, पावतीवर सही घ्यायची. कुठल्या कुठल्या शाळांना दिल्यात. मी एकदाही यातून वर पाहिलेलं नाही. आज पाहिलं ते पहिलं. आणि ते असं."

त्याने नखाने पट्टीचं टोक उचकटायला घेतलं.

"थांबा," निवेदिता म्हणाली. "तुमच्या साहेबांना विचारा आधी."

"विचारलं तर नाही म्हणतील."

पट्टी चर्र करून निघाली. हिमानीने हात मागे बांधले आणि एक पाऊल मागे सरकली, पण गेली नाही. भगवानराव उठून मोटरसायकलच्या डिकीतून पेचकस घेऊन आले आणि त्यांनी तो एखाद्या डॉक्टरच्या हातात द्यावा तसा आल्हादच्या हातात ठेवला.

"हळू," निवेदिता म्हणाली. आता तीही खाली बसली होती. "नुसते सैल. काढू नका. आरसा जागेवर राहायला हवा, फक्त दबला जायला नको."

पहिला स्क्रू हलेना. आल्हादने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कट्ट आवाज झाला आणि तो फिरला. दुसरा, तिसरा. तिन्ही सारखेच घट्ट होते. कोणीतरी कारखान्यात, माल वाटेत हलू नये म्हणून, मन लावून आवळले असावेत.

निवेदिताने नळी पुन्हा अभिजितवर लावली. डोळा लावला. चाक थोडं फिरवलं. मग ती तशीच राहिली, एवढा वेळ की गीताबाई पायरीवरून उठून आल्या.

"काय दिसून राह्यलं बाई?"

निवेदिता बाजूला झाली. तिने आल्हादला पुढे केलं. त्याने पाहिलं. काळ्या आकाशात एक निळसर टिंब होतं, टोकदार, थरथरणारं, कोपऱ्याचा मागमूस नसलेलं.

"एवढंच?" तो पुन्हा म्हणाला, पण या वेळी हळू.

त्यानंतर तिने नळी दक्षिणेकडे फिरवली. तिथे जरा पिवळट, न लुकलुकणारा एक तारा होता. भगवानराव तिच्या मागोमाग फिरले.

"हाच का थो?"

"हाच. शनी."

दुर्बिणीला वर्गणी द्यायला भगवानराव तयार झाले ते या एका नावावर. त्यांची साडेसाती चालू होती आणि दर शनिवारी ते मारुतीच्या देवळात जाऊन तेल वाहत. निवेदिता पावतीपुस्तक घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, इतकं तेल वाह्यलं त्याले, थो हाय तरी कसा, येकदा पाहू द्या मले."

आता मात्र ते दोन पावलं अलीकडेच थांबले.

"त्याच्याकडे पाहू नये म्हणतात ना?" हिमानीने विचारलं. तिने ते थट्टेने विचारलं नव्हतं.

"लोकं म्हंतात," गीताबाई म्हणाल्या आणि पदर डोक्यावरून नीट घेऊन सरळ दुर्बिणीपाशी गेल्या. "पर काऊन पाहू नाई? त्यानं आपल्याकडं पाह्याचं, आन् आपुन त्याच्याकडं नाई?"

त्यांनी डोळा लावला. दुसरा डोळा मिटता येईना म्हणून त्यावर तळहात धरला.

"वा," त्या म्हणाल्या. "केवढुसा हाय. मणी हाय जी. मण्यातून सुई ओवल्यावानी दिसून राह्यला. दोन्ही बाजूनं निंगाली सुई."

भगवानराव पुढे झाले. त्यांनी वाकून पाहिलं, सरळ झाले, पुन्हा वाकले.

"कडं कुठी हाय?"

"कसलं कडं?"

"शनीले कडं असते ना. क्यालेंडरात असते. हे तं नुसती काडी हाय." ते निवेदिताकडे वळले. "अजून काही बिघाड असन, मॅडम."

आल्हादने झटकन निवेदिताकडे पाहिलं.

"बिघाड नाही," ती म्हणाली. तिने हिमानीकडे हात केला. "जरा ती फाइल देता?" हिमानीने पिशवीतून फाइल काढून दिली. निवेदिताने ती भगवानरावांच्या तोंडासमोर उभी धरली. "ही केवढी दिसते?"

"चांगली मोठी हाय."

तिने फाइल त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आडवी केली. "आणि आता?"

"आता नुसती कड दिसते."

"कडं तेवढंच आहे. यंदा ते आपल्याकडे असं आडवं झालंय. बरीच वर्षं गेली की एकदा होतं तसं. पुढच्या वर्षी जरासं कललेलं दिसेल. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. मग क्यालेंडरातल्यासारखं."

भगवानरावांनी फाइल स्वतःच्या हातात घेऊन दोनतीनदा आडवीउभी करून पाहिली. मग परत दिली.

"म्हंजे तेवढे वर्स दुर्बीण इथंच पाह्यजे," ते म्हणाले.

हिमानीने फाइल पिशवीत ठेवता ठेवता निवेदिताकडे पाहिलं. फाइलमधल्या तक्रारीत शेवटी काय मागितलंय ते दोघींनाही पाठ होतं. दुर्बीण कंपनीने परत न्यावी आणि सगळी किंमत द्यावी.

---

पुढची तारीख डिसेंबरात लागली. मधल्या दिवसांत निवेदिताने एक साधा अर्ज टाइप करून घेतला. तपासणी पूर्ण झाल्यानंतर दुर्बीण उघडण्यात आली आणि मागचे तीन स्क्रू सैल करण्यात आले. आता ती व्यवस्थित चालते. म्हणून किंमत परत मिळण्याची मागणी मी सोडते. दुर्बीण माझ्याकडे राहावी, आणि कंपनीने दाद न दिल्यामुळे तक्रारीला झालेला खर्च तेवढा मिळावा.

अर्ज वाचून हिमानीचा फोन आला. "उघडण्यात आली असं का लिहिलंय? नाव घाला त्याचं. मी प्रतिज्ञापत्र देते, मी तिथेच होते."

"त्याची नोकरी जाईल."

"आणि नाव नाही घातलं तर तुमची तक्रारच खोटी ठरेल. मग गावात काय सांगाल?"

"तुम्ही देऊ नका प्रतिज्ञापत्र," निवेदिता म्हणाली. "मी मागितलेलं नाही."

तारखेच्या दिवशी हिमानी मेहकरच्या कोर्टात होती. आयोगाच्या खोलीत मोजकीच माणसं होती. कंपनीचे वकील संभाजीनगरहून आले होते, वयस्कर, हसतमुख. त्यांच्या मागच्या खुर्चीत आल्हाद बसला होता. निवेदिता आत आली तेव्हा त्याने मान थोडी हलवली आणि समोर पाहू लागला.

वकिलांनी तिचा अर्ज वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"साहेब, आता काही उरलंच नाही. तक्रारदार स्वतः सांगताहेत की वस्तू व्यवस्थित चालते. मग दोष कुठे आहे? शिवाय पट्टी काढलेली आहे. म्हणजे छेडछाड झाली. आमच्या मते सुरुवातीपासून हाताळणीचाच प्रश्न होता. तक्रार खर्चासह फेटाळावी."

आयोगाचे अध्यक्ष अर्ज पुन्हा वाचत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, उघडण्यात आली. कोणी उघडली?"

निवेदिता उभी होती. तिने टेबलाच्या कडेला हात ठेवला.

"माझ्यासमोर उघडली, सर."

"समोर नाही विचारत. कोणी?"

"ते सांगितलं नाही तर चालेल का?"

"तुमच्या दृष्टीने चालणार नाही," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "कमिशनरांचा अहवाल तुमच्या बाजूने आहे. त्या दिवशी पट्टी शाबूत होती आणि दोष होता हे त्यात स्पष्ट आहे. पण तो दोष कारखान्यातला की हाताळताना कुठे आपटून आलेला, हे कशावरून ठरवायचं? ज्याने उघडली त्याने आत काय पाहिलं, हे महत्त्वाचं आहे. तुम्ही नाव सांगत नसाल तर तुम्हीच उघडली असं मला धरावं लागेल."

खोलीतला पंखा बंद होता. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी पुकारा करत होतं. निवेदिताने डावीकडे पाहिलं नाही. तिकडे आल्हाद बसला होता आणि तिकडे पाहिलं असतं तर तेच उत्तर झालं असतं.

"धरा, सर," ती म्हणाली.

"खर्च मिळणार नाही मग."

"नको."

अध्यक्षांनी चष्मा सारखा करून टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली. तक्रारदार यांनी कथन केले की. टंकलेखकाची बोटं चालू झाली. कंपनीच्या वकिलांनी कागद गोळा करायला घेतले.

मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहेब, मी उघडली."

वकिलांनी मागे न बघताच हात खाली केला, बस अशा अर्थाने. त्यांची बोटं आल्हादच्या जॅकेटला लागलीसुद्धा.

"तुम्ही कोणाकडून?" अध्यक्षांनी विचारलं.

"सामनेवाल्यांकडून, साहेब. कंपनीकडून."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. वकील आता पूर्ण वळले होते. "आल्हाद, खाली बस," ते हळू आवाजात म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता, खरोखरची काळजी होती.

आल्हाद बसला नाही. "पट्टी मी काढली. तिन्ही स्क्रू इतके घट्ट होते की मला दोन्ही हात लावावे लागले. त्यांना आधी कोणी हात लावलेला नव्हता. आमच्याकडूनच तसे आले होते. मी सैल केले आणि दुर्बीण नीट झाली."

"तुम्हाला कंपनीने सांगितलं होतं उघडायला?"

"नाही."

"तक्रारदारांनी सांगितलं?"

"नाही. मॅडम थांबा म्हणाल्या होत्या."

"मग का उघडली?"

आल्हादने एकदा निवेदिताकडे पाहिलं.

"बघायचं होतं," तो म्हणाला.

टंकलेखकाने मान वर केली. "काय लिहू, साहेब?"

"ते म्हणाले तेच लिहा," अध्यक्ष म्हणाले.

दुपारच्या सुट्टीनंतर आदेश झाला. दुर्बीण तक्रारदाराकडे राहील. तक्रारीचा, प्रवासाचा आणि तपासणीचा खर्च सामनेवाल्यांनी द्यावा. निवेदिताने तो उभ्याने ऐकला. तिने आयोगाला नमस्कार केला आणि पिशवी उचलून बाहेर आली. व्हरांड्यात कंपनीचे वकील खांबाला टेकून फोनवर बोलत होते. "हो, आमचाच माणूस. नाही, शुद्धीत होता," एवढं तिच्या कानावर पडलं. तिला पाहून ते पाठमोरे झाले.

आल्हाद आवारातल्या निंबाखाली उभा होता. त्याच्या हातात मोबाइल होता, पडदा काळा. ती जवळ गेली. आभार मानणं त्या जागी फार लहान वाटत होतं.

"वकीलसाहेबांच्या गाडीतून आला होता ना?" तिने विचारलं.

"येताना."

"मग आता?"

आल्हादने मोबाइल खिशात टाकला. "अमडापूरला गाडी थेट आहे का?"

"चिखलीला बदलावी लागते."

तो मान हलवून तिच्या बरोबरीने फाटकाकडे चालायला लागला. सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. बुलढाण्याच्या रस्त्यावर दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं आणि टपरीवाल्याने दिवा लावला होता.

"आज ढग आहेत," निवेदिता म्हणाली. "काही दिसणार नाही."

आल्हादने चालता चालता वर पाहिलं, थांबून नीट पाहिलं.

"उद्या?" त्याने विचारलं.